अभ्यासाचा तास कोणाचा?

(नरखेड तालुक्यातील शिक्षिका, पालक महिला, बचत गटांच्या कार्यकर्त्या आणि नववी ते बारावीच्या मुली यांच्या एका दिवसाच्या बैठकीत केलेले हे भाषण. बोलण्याचा ओघ कायम ठेवून किरकोळ संपादन केले आहे.)

आजचा विषय फळ्यावर लिहिला आहे : ‘मोठ्या मुलामुलींचा स्वयंअभ्यास आणि शाळेची जबाबदारी’. हा विषय वाचून बचत गटाच्या एका ताईने मला विचारले, “मॅडम, हा तं मास्तर लोकायचा विषय हाय. यात आमचं काय काम?” प्रश्न बरोबर आहे. आपण आजवर दारूबंदीवर बोललो, हुंड्यावर बोललो, मजुरीतल्या फरकावर बोललो, जमिनीवर नाव लावण्याबद्दल बोललो. शाळेच्या वेळापत्रकावर बोलायला आपण कधी बसलो नाही. वेळापत्रक म्हणजे मुख्याध्यापकांच्या टेबलावरच्या काचेखालचा कागद, एवढेच आपण समजत आलो.

पण त्या कागदावर वेळ वाटलेली असते. आणि वेळ कोणाला मिळते, कोणाची कापली जाते, हा प्रश्न आपलाच आहे. जमीन, पाणी, मजुरी यांच्या वाटपात बाई मागे राहते तशीच ती वेळेच्या वाटपातही मागे राहते. फरक इतकाच की जमिनीचा सात-बारा काढता येतो, वेळेचा काढता येत नाही. म्हणून ती गेलेली कोणाला दिसत नाही.

मी सव्वीस वर्षे माध्यमिक शाळांत शिकवले. निवृत्त झाल्यावर मुलींच्या गटांबरोबर काम करते. गेल्या वर्षी या भागातल्या काही मुलींना मी एक कोरा कागद दिला आणि म्हटले, कालच्या दिवसात उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केले ते तासाप्रमाणे लिहा. दहावीच्या एका मुलीचा कागद सांगते. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. पहाटे पाचला उठली. पाणी भरले, झाडलोट, भांडी. आई सातला वावरात जाते म्हणून भाकरी हिने टाकल्या. लहान भावाचा डबा भरला. नऊला एसटीच्या फाट्यावर. साडेदहा ते पाच शाळा. बस सहाला, घरी पोचायला पावणेसात. चहा, स्वयंपाक, आजीचे पाय चेपणे, भांडी. रात्री साडेनऊला पुस्तक उघडले. त्यापुढे तिने लिहिले होते, “अभ्यास केला.” मग ते खोडून लिहिले होते, “झोप लागली.”

तिचा भाऊ त्याच शाळेत बारावीला. त्याचाही कागद मी मागवला. तोही वावरात जातो, रविवारी फवारणीला जातो, त्याला काम नाही असे मी म्हणणार नाही. पण रोज संध्याकाळी सात ते नऊ या वेळेपुढे त्याने लिहिले होते, “अभ्यास / मोबाइल / पारावर.” म्हणजे दोन तास त्याचे स्वतःचे आहेत. त्यात तो शिकतो की वाया घालवतो हा पुढचा प्रश्न. वाया घालवायला तरी वेळ हाताशी लागते. बहिणीकडे वाया घालवण्याइतकीही नाही.

हे आपल्याच गावाचे रडगाणे आहे असे कोणी समजू नये. केंद्र सरकारने २०१९ साली पूर्ण वर्षभर देशात वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरील बायका-मुलींपैकी शंभरातल्या ८१ जणी घरातले बिनपगारी काम करत होत्या. पुरुष-मुलगे होते शंभरात २६. काम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, काम करणाऱ्या पुरुषाची ९७. २९९ मिनिटे म्हणजे जवळजवळ पाच तास. शाळेतल्या मुलीच्या वाट्याला पूर्ण पाच तास येत नसतील, पण ज्या रांगेत ती उभी आहे ती रांग हीच आहे.

आता शाळा काय करते? शाळा म्हणते, आम्ही शिकवले, आता घरी जाऊन वाचा. ‘स्वयंअभ्यास घरी करावा’, असे सूचनाफलकावर लिहिलेले असते. हे वाक्य दिसायला साधे आहे, पण ते मुलासाठी एक सांगते आणि मुलीसाठी दुसरेच. मुलासाठी घर म्हणजे जेवण तयार असलेली जागा. मुलीसाठी घर म्हणजे कामावर हजर होण्याची जागा. ‘घरी वाचा’ याचा तिच्यासाठी अर्थ होतो, ‘वाचू नका’. शाळेने हे मुद्दाम केलेले नसते. पण न बघता केलेला अन्यायही अन्यायच असतो.

आपल्या भागातला हंगाम यात आणखी भर घालतो. नरखेड-काटोल म्हणजे संत्र्याचा आणि कापसाचा पट्टा. कापसाची वेचणी दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि संक्रांतीच्या पुढेपर्यंत चालते. वेचणी हे बायकांचे काम, किलोवर मजुरी. दिवाळीची सुट्टी म्हणजे मुलींसाठी वेचणीचा हंगाम. आंबिया बहाराची संत्री दिवाळीपासून तुटायला लागतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. आणि बारावीची, दहावीची बोर्डाची परीक्षा? तीही फेब्रुवारी-मार्चमध्येच. सराव परीक्षा डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे मुलीच्या अभ्यासाचे सगळ्यात मोलाचे चार महिने आणि आपल्या शेतीचे सगळ्यात घाईचे चार महिने एकच आहेत. घरात माणसे बाहेर कामाला गेली की चूल आणि लहान लेकरे कोणाकडे येतात, हे मी तुम्हाला सांगायला नको.

यात पणाला काय लागले आहे? मैत्रिणींनो, मार्कांचा प्रश्न असता तर मी इतका वेळ घेतला नसता. दहावीला मुलगा नापास झाला तर तो पुरवणी परीक्षेला नाही तर पुढच्या मार्चला बसतो, दुकानात लागतो, आयटीआयला जातो. मुलगी नापास झाली तर पाहुणे यायला लागतात. माझ्या वर्गातली एक मुलगी गणितात चार मार्कांनी राहिली. हुशार होती, बीजगणिताचे सूत्र एकदा सांगितले की विसरायची नाही. सरावाला वेळ मिळाला नाही. जूनमध्ये निकाल लागला, दिवाळीनंतर लग्न. वय अठराच्या आत. कायदा २००६ चा आहे, सगळ्यांना माहीत आहे, पण पत्रिकेवर मुलीचे वय छापत नाहीत. त्या मुलीला रोज एक तास, फक्त एक तास, शाळेत बसून गणिते सोडवायला मिळाला असता तर ते चार मार्क मिळाले असते असे मला अजून वाटते. एका तासाची किंमत इतकी असते.

काही जण म्हणतात, पूर्वीच्या लोकांनी कंदिलाखाली अभ्यास केलाच ना? केला. पण तो कोणाच्या आधारावर केला तेही पाहू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेची हकीगत आपल्यापैकी अनेकींना पाठ आहे. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सगळे घर. रात्री लवकर भीमरावांनी झोपायचे आणि रामजींनी जागे राहायचे. पहाटे दोनला मुलाला उठवायचे आणि त्याच्या जागेवर स्वतः आडवे व्हायचे. म्हणजे बाबासाहेबांच्या अभ्यासाला जागा मिळाली ती वडिलांनी आपली झोप आणि आपली वळकटी दिली म्हणून. यातून मेहनतीचा धडा तर घ्यायचाच. पण माझ्या मते आणखी एक धडा आहे : ‘स्वतःचा अभ्यास’ एकट्याने होत नाही. कोणीतरी जागा सोडावी लागते, कोणीतरी जागे राहावे लागते. आपल्या मुलींसाठी कोण जागे राहते? घरात नसेल तर शाळेने राहावे, एवढेच आपले म्हणणे आहे.

जोतिराव-सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली. का? कारण दिवसाची वेळ त्या लोकांची नव्हती, मालकाची होती. त्यांनी मजुरांना ‘वेळ काढा’ असा उपदेश केला नाही, शाळाच त्यांच्या वेळेवर नेली. आणि आपल्या नागपूरच्या जाईबाई चौधरी? लहान वयात स्टेशनवर हमाली करणारी ही बाई शिकली, शिक्षिका झाली, अस्पृश्य म्हणून अपमान सोसला आणि १९२२ साली नागपुरात तिने चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा उघडली. या परंपरेत सोय आधी येते, उपदेश मागून. आज आपल्या शाळांत उपदेश भरपूर आहे, सोयीचे काय ते बघू.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापन झाले पाहिजे असे त्यात लिहिले आहे. आठवी संपली की तो कायदा तिथेच थांबतो. म्हणजे जिथे अभ्यास कठीण होतो, घरचे काम वाढते आणि लग्नाची चर्चा सुरू होते, नेमके तिथे मुलीच्या हक्काची रेघ संपते. आपल्या राज्यात मुलींना बारावीपर्यंत फी माफ आहे. गावाकडच्या मुलींना एसटीचा अहिल्याबाई होळकर पास आहे. या सगळ्या चांगल्या गोष्टी आहेत, त्या आपोआप आलेल्या नाहीत. पण फी माफ झाली, तिकीट माफ झाले, काम माफ झाले नाही. पैशाचा अडथळा काढला, वेळेचा तसाच राहिला.

सरकारला ही गोष्ट अगदीच सुचली नाही असेही नाही. मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांसाठी ज्या योजना आखल्या, त्यात मुलींसाठी बस होती, सायकल होती आणि आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी शाळेत अभ्यासिकाही होती. शाळा सुटल्यावर मुलांना बसायला जागा, उजेड, पुस्तके. कल्पना किती साधी आहे बघा. तालुका कुठल्या यादीत आहे यावर ती अडायला नको. प्रत्येक शाळेला वर्गखोली आहे, दिवा आहे, बाक आहेत. कमी आहे ती फक्त ठरवण्याची.

पण नुसती अभ्यासिका उघडून भागत नाही, हा माझा अनुभव सांगते. मी एका शाळेत होते. नाव घेत नाही, कारण अशा शाळा पुष्कळ आहेत. तिथे दहावी-बारावीसाठी संध्याकाळी साडेसातपर्यंत अभ्यासिका सुरू झाली. पहिल्या आठवड्यात मुलीही बसल्या. दुसऱ्या आठवड्यात संस्थेने ठरवले, अंधार लवकर पडतो, मुलींची जबाबदारी कोण घेणार? मुलींनी पाचला घरी जावे. मी विरोध केला. मला उत्तर मिळाले, “मॅडम, आम्ही मुलींच्या भल्यासाठीच म्हणतो.” अभ्यासिका फक्त मुलांची झाली आणि वर्षअखेरीस अहवालात छापले गेले, ‘विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिकेची सोय’. सुरक्षितता हा शब्द आपल्या मुलींच्या बाबतीत नेहमी दार बंद करण्यासाठीच का वापरला जातो? रस्त्यावर दिवा नाही तर दिवा लावा. बस लवकर सुटते तर आगाराला अर्ज द्या. मुली घोळक्याने जाऊ शकतात, आया आळीपाळीने फाट्यावर येऊ शकतात. हे सगळे सोडून मुलीलाच आत बसवणे हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, म्हणून तो सगळ्यांना आवडतो.

दुसरी गोष्ट ऑफ तासाची. शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, अकरावी-बारावीला तर तासामागून तास मोकळे जातात. मोकळ्या तासाला मुले मैदानावर जातात, गेटबाहेर जातात. मुलींना सांगतात, वर्गातून हलायचे नाही. त्या बसलेल्या असतात, पण अभ्यासाला नव्हे, नुसत्या ‘शांत’ बसलेल्या. आणि कार्यक्रम असला की? पाहुण्यांना ओवाळायला मुली, रांगोळीला मुली, चहाचे कप विसळायला मुली. कारण काय, तर त्या मोकळ्या आहेत! घरातही मोकळी, शाळेतही मोकळी. मुलगी रिकामी दिसली की तिला काम सांगायचे ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे, आणि शाळा काही समाजाच्या बाहेर नाही.

आता सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाबद्दल. तुम्ही वाचले असेल. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथे महिलांच्या सभेत चर्चा होऊन ठरले की रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवायचा. भोंगा वाजला की घराघरांतले टीव्ही, मोबाइल बंद. साडेआठला दुसरा भोंगा. मधल्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा. करोनाच्या काळात मुलांच्या हाती मोबाइल आला आणि पुस्तक सुटले, त्यावर गावाने काढलेला हा तोडगा. देशभर त्याचे कौतुक झाले आणि ते रास्तच आहे. अभ्यासाची वेळ ही एकेका घराची खासगी गोष्ट नसून गावाने राखायची गोष्ट आहे, हे त्या गावाने दाखवून दिले. आणि सुरुवात बायकांच्या सभेतून झाली, हे आपण विसरू नये.

पण आपण स्त्रियांच्या बाजूने बघणाऱ्या आहोत, म्हणून एक प्रश्न विचारायला हवा. संध्याकाळी सात ते साडेआठ ही चुलीची वेळ आहे. टीव्ही बंद झाला, चूल चालू राहिली. मग पोळ्या कोण लाटते? नरखेड तालुक्यात एखाद्या गावाने असा भोंगा आणला तर मला आनंद होईल. फक्त ठरावात एक ओळ जास्त लिहा : भोंग्यापासून भोंग्यापर्यंत शाळेत जाणाऱ्या मुलीला घरकाम सांगायचे नाही. स्वयंपाक आधी उरका, नंतर करा, नाही तर बाप आणि भाऊ करतील. ही एक ओळ लिहिली तरच तो भोंगा मुलीलाही ऐकू येईल.

आता आपली मागणी नेमकी काय? मोठ्या मुलामुलींच्या स्वयंअभ्यासाची वेळ शाळेने कशी सांभाळावी, यावर मी आणि इथल्या काही शिक्षिकांनी मिळून विचार केला आहे. तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट, ही वेळ शाळेच्या तासांच्या आत हवी. नववी-दहावीला रोज निदान एक तास, अकरावी-बारावीला दोन. वेळापत्रकात इतर विषयांसारखा त्याला रकाना हवा. कारण शाळेत असते तेवढाच वेळ मुलगी कोणाची सून होणार नसते, कोणाची धाकटी आई नसते, ती फक्त विद्यार्थिनी असते. तो वेळ तिला पूर्ण मिळाला पाहिजे. शिवाय शाळा सुटल्यापासून बस येईपर्यंतचा वेळ आहेच. आज तो फाट्यावर उभे राहण्यात आणि टोमणे ऐकण्यात जातो. तेवढा वेळ वाचनालय उघडे राहिले तर आठवड्याला पाच-सहा तास हाती लागतात.

दुसरी, स्वयंअभ्यास म्हणजे वाऱ्यावर सोडणे नव्हे आणि पहारा देणेही नव्हे. त्या तासाला शिक्षक वर्गात हवेत, पण शिकवायला नव्हे. अडले तर विचारायला माणूस हवे. आज कोणता विषय घ्यायचा, एकटीने बसायचे की दोघींनी, हे मुलीने ठरवावे. आयुष्यात बहुतेक गोष्टी दुसऱ्याने ठरवलेल्या असतात, ही एक तरी तिला ठरवू द्या. हळू आवाजात एकमेकींना समजावून सांगणे म्हणजे गोंधळ नव्हे. दुसरीला सांगताना आपलेही पक्के होते, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. प्रत्येकीकडे एक साधी वही असावी : आज काय करणार, काय झाले, कुठे अडले. ‘कुठे अडले’ हा रकाना शिक्षकांनी आठवड्यातून एकदा वाचावा. त्या वहीला मार्क नकोत, लाल शाई नको. आठवीतून आलेल्या मुलीला एकदम तासभर एकटीने वाचणे जमत नाही. तिला आधी अर्धा तास, पाच प्रश्न, असे सवयीने आणावे लागेल. बारावीची मुलगी स्वतःचे महिन्याचे नियोजन करू शकते. दोघींना एकाच मापाने मोजू नये.

तिसरी, या तासाला दुसरे कोणतेही काम सांगायचे नाही. रांगोळी नाही, चहा नाही, कार्यक्रमाची तालीम नाही, शिक्षकांचे तक्ते भरणे नाही. ऑफ तास आला तर तो आपोआप अभ्यासाचा तास धरायचा. आणि शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरण्याची मागणी सोडायची नाही. स्वयंअभ्यासाच्या नावाखाली शिकवणेच बंद झाले तर आपण आपल्याच मुलींचे नुकसान करू.

चौथी, साहित्य. पाठ्यपुस्तकांचा एक संच अभ्यासिकेतच राहिला पाहिजे. पुस्तकांचे ओझे घेऊन दोन किलोमीटर फाट्यापर्यंत चालणाऱ्या मुलीला ते कळेल. जुन्या प्रश्नपत्रिका, शब्दकोश, नकाशे हवेत. बालभारतीची पुस्तके आता मोबाइलवर फुकट उघडतात, पण घरातला मोबाइल भावाच्या खिशात असतो. करोनात २०२०-२१ साली शाळा बंद होत्या तेव्हा हे आपण डोळ्यांनी पाहिले. म्हणून शाळेचा एखादा संगणक त्या वेळेला मुलींसाठीही खुला असावा. आणि पाणी, उजेड, स्वच्छ व कडी लागणारे संडास. महिन्याच्या त्या दिवसांत मुलगी तीन तास कशी बसणार याचा विचार न करता केलेली अभ्यासिका कागदावरच राहते.

पाचवी, हंगाम. वेचणीच्या दिवसांत गैरहजर राहणाऱ्या मुलीला दंड, उभे करणे, नाव कमी करण्याची धमकी, हे सगळे बंद करा. तिची नोंद ठेवा, ती आली की तिच्यासाठी जास्तीचा तास ठेवा. आणि तिच्या आईबापाशी बोला. मजुरी बुडेल ही त्यांची भीती खरी आहे. तिची टिंगल करून चालणार नाही. दहावी-बारावीच्या मुलीला निदान डिसेंबरपासून वेचणीला नेऊ नका, एवढी विनंती गटांनी गटांच्या बायकांना करावी. आपल्या बाईने सांगितलेले बाई ऐकते.

सहावी गोष्ट आपल्या शिक्षिका मैत्रिणींसाठी. जास्तीचा तास आला की तो ‘मॅडम घेतील’ असे होते. मॅडमचीही चूल आहे, त्याही नागपूर-काटोलहून गाडी पकडून येतात. मुलींची वेळ मिळवताना शिक्षिकांची वेळ लुटायची नाही. स्त्री-पुरुष सगळ्या शिक्षकांनी पाळीने हा तास घ्यावा आणि तो त्यांच्या कामाच्या तासांत धरला जावा. मुलींच्या सुरक्षिततेसाठी २०२२ च्या शासन निर्णयाने शाळांमध्ये सखी सावित्री समित्या करायला सांगितल्या आहेत. आपल्या शाळेत ती आहे का, तिच्या बैठका होतात का, ते विचारा. ‘जबाबदारी कोण घेणार’ या प्रश्नाचे एक उत्तर तिथेही आहे.

आता काही आक्षेप. “पोरगी शाळेतच बसली तर घरचं काम कोण करंल?” मैत्रिणींनो, याला एकच उत्तर आहे आणि ते कडू आहे. आज मुलगी जे काम करते ते उद्या आईच्या डोक्यावर जाऊ नये. ते वाटले गेले पाहिजे. भावाला भांडी घासता येतात. बापाला भात लावता येतो. कुकरची शिटी बाई-पुरुष बघून वाजत नाही. मुलीची सुटका आणि आईचे ओझे अशी अदलाबदल झाली तर ती मुक्ती नव्हे, फक्त पिढी बदलली. म्हणून शाळेने मुलींना अभ्यासाचा तास द्यावा आणि मुलांना घरकामाचा स्वाध्याय द्यावा. मी थट्टा करत नाही. कार्यानुभवाच्या वहीत एकदा लिहू द्या मुलांना, आज घरी कोणते काम केले.

दुसरा आक्षेप, “शिकून तरी काय, शेवटी लग्नच करायचे.” ज्या बायका हे म्हणतात त्यांचा मला राग येत नाही. त्यांना कोणी दुसरे काही दाखवलेच नाही. त्यांना एवढेच विचारावे : बँकेच्या कागदावर अंगठा लावताना कसे वाटले होते? नवरा गेल्यावर वावराचे कागद वाचायला कोणाच्या दारात जावे लागले होते? उत्तर त्यांच्याजवळ आहे.

आता काय करायचे? इथून गेल्यावर प्रत्येक गटाने आपल्या एका शाळेत जायचे. भांडायला नव्हे, विचारायला. प्रश्न चारच : नववी ते बारावीच्या वेळापत्रकात स्वयंअभ्यासाचा तास आहे का? असल्यास त्या तासाला मुली प्रत्यक्षात काय करतात? शाळा सुटल्यापासून बस येईपर्यंत त्या कुठे असतात? मुले बसतात तेवढा वेळ मुलींना बसू देतात का? उत्तरे लिहून घ्या. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत आई म्हणून बोला, नवऱ्याला पाठवू नका. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, तिथे ठराव मांडा. पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत, त्या खुर्चीवर बसलेल्या बहिणीला सोबत घ्या. बसच्या वेळेसाठी आगाराला द्यायचा अर्ज मुलींनाच लिहू द्या, आणि सह्या त्यांच्याच घ्या. अर्ज लिहायला शिकणे हाही अभ्यासच.

१९९१ च्या जुलैत वर्धेच्या पुराने मोवाड उद्ध्वस्त झाले. त्या पुराच्या आठवणी या तालुक्यात अजून ताज्या आहेत. गाव नव्याने वसवावे लागले, आणि ते वसले. ज्या तालुक्याने एवढे केले त्याला शाळेची एक खोली संध्याकाळी सातपर्यंत उघडी ठेवणे, तिथे एक दिवा लावणे आणि मुलीला “बस, वाच, तुझा तास संपेपर्यंत तुला कोणी हाक मारणार नाही” असे म्हणणे अवघड नाही.

पुढच्या बैठकीला येताना त्या चार प्रश्नांची उत्तरे घेऊन या. आणि येताना मुलींना आणा. आज त्या मागच्या रांगेत बसल्या आहेत. पुढच्या वेळी बोलायला त्याच उभ्या राहतील.